मुंबई व नवी मुंबई विमानतळांमधील अंतर

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ (सांताक्रूझ–सहार) व रायगड जिल्ह्यातील पनवेलनजीकचा नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ यांमधील अंतर सरळ रेषेत सु. २४ किमी., तर रस्त्याने सु. ३५ ते ४० किमी. आहे. रहदारी विरळ असल्यास हा प्रवास तासाभरात होतो. गर्दीच्या वेळी दीड ते दोन तासही लागतात. या दोन अंतरांतील तफावत मुख्यत्वे ठाण्याच्या खाडीमुळे पडते.

पनवेल हे पूर्वी खाडीवरील बंदर होते. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी नावेने पनवेलास उतरून पुढे घाट चढे. त्या काळी प्रवासाचा अवधी भरती-ओहोटी व वारा यांवर अवलंबून असे. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग सुरू झाला. तो कल्याण–कर्जतमार्गे गेल्याने पनवेल बाजूस पडले. मोटारींसही पुढे ठाणे–मुंब्र्याचा वळसा घ्यावा लागे. १९७३ मध्ये वाशीजवळ पहिला खाडीपूल झाला, तेव्हा हा वळसा चुकला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतू (सु. २१·८ किमी.) खुला झाला. दक्षिण मुंबईकरांस तो सोयीचा असला, तरी सांताक्रूझहून येणाऱ्यास बहुधा वाशीचाच मार्ग जवळ पडतो.

दुसऱ्या विमानतळाची गरज पहिल्याच्या रचनेतूनच उद्भवली. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या परस्परांस छेदतात. त्यामुळे त्यांचा एकाच वेळी स्वतंत्र वापर करता येत नाही, आणि भोवतालच्या दाट वस्तीमुळे विस्तारास वावही नाही. पनवेलच्या बाजूस सु. १,१६० हेक्टर क्षेत्र निश्चित झाले, परंतु ही भूमी मोकळी नव्हती. सु. ९० मी. उंचीची उलवे टेकडी कापावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली वाडा इ. दहा वस्त्या उठवाव्या लागल्या. नवी मुंबईसाठी झालेल्या आधीच्या भूसंपादनाची आठवण येथे ताजी होती : जानेवारी १९८४ मधील जासई परिसरातील आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले होते. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून विकसित भूखंडाच्या १२·५ टक्के परताव्याचे धोरण आले. विमानतळग्रस्तांसाठी हे प्रमाण २२·५ टक्के करण्यात आले. अंतराच्या कोष्टकात ही किंमत नोंदली जात नाही, म्हणून तिचा येथे निर्देश केला आहे.

विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. प्रवासी वाहतूक २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जाणाऱ्या प्रवाशास सामान घेऊन बाहेर पडावे लागते, खाडी ओलांडावी लागते व पुन्हा तपासणीस सामोरे जावे लागते. त्यामुळे दोन उड्डाणांत चार-पाच तासांचे अंतर ठेवणे इष्ट. दोन्ही विमानतळ जोडणारी मेट्रो मार्गिका (क्र. ८) नियोजित आहे.