डॉक्टर म्हणाले, ‘सोडा’. पण सोडायचे कसे?

#इतिहास #थ्रेड

१/ १८९४ च्या वसंत ऋतूत व्हिएन्नातील एका डॉक्टरांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले. छातीत दाब जाणवे, डाव्या हातात कळ जाई, श्वास लागे. वय अवघे ३७. रोज सुमारे २० सिगार ओढण्याची त्यांची सवय होती. हे डॉक्टर म्हणजे पुढे मनोविश्लेषणाचे जनक म्हणून जगप्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड. आजारी माणसाला धूम्रपान सोडताना आधार कसा आणि कोणाकडून मिळत गेला, याचा इतिहास समजून घेण्यासाठी त्यांच्यापासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

२/ फ्रॉइड यांचा आधार होता बर्लिनमध्ये. विल्हेल्म फ्लीस हे नाक-घशाचे डॉक्टर त्यांचे जिवलग मित्र. ही लक्षणे निकोटीनच्या विषबाधेची आहेत, असे निदान करून फ्लीस यांनी सिगार पूर्ण बंद करण्यास बजावले. व्हिएन्नातील ज्येष्ठ सहकारी जोसेफ ब्रॉयर यांना मात्र हृदयाच्या स्नायूंचाच जुना विकार असल्याची शंका होती. दोन डॉक्टर, दोन निदाने, आणि मध्ये अडकलेला रुग्णही डॉक्टरच.

३/ फ्रॉइड यांनी सिगार सोडली. त्या काळात फ्लीस यांना लिहिलेल्या पत्रांतून सोडण्याचे हाल स्पष्ट दिसतात. हृदयाच्या तक्रारी तर होत्याच. त्यांच्या जोडीला उदासी आली, मृत्यूची भीती आली, काम सुचेना. काही आठवड्यांनी सिगार पुन्हा सुरू झाली. पुढची कित्येक वर्षे ती बंद होत आणि सुरू होत राहिली. मित्राचा सल्ला पत्राने येई; तलफ मात्र दिवसातून अनेकदा येई.

४/ ही हकिकत आज आपल्याला कळते तीही योगायोगानेच. फ्लीस यांच्या पत्नीने ही पत्रे पतीच्या मृत्यूनंतर विकली. १९३० च्या दशकात फ्रॉइड यांच्या शिष्या मारी बोनापार्ट यांनी ती विकत घेतली. ती नष्ट व्हावीत अशी फ्रॉइड यांची इच्छा होती. बोनापार्ट यांनी ते मानले नाही. फ्लीस यांची उत्तरे बहुतांशी नाहीशी झाली आहेत. त्यामुळे या संवादातील आधार देणाऱ्याचा आवाज इतिहासाला फारसा ऐकू येत नाही, आधार मागणाऱ्याचा येतो.

५/ १९२३ मध्ये फ्रॉइड यांच्या टाळूवर आणि उजव्या जबड्यात गाठ दिसली. ती त्यांनी सुमारे दोन महिने कोणालाच दाखवली नाही. सिगार सोडण्याचा हुकूम होईल या धास्तीने ते गप्प राहिले असावेत, असे त्यांचे चरित्रकार मानतात. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तो कर्करोग असल्याचे ओळखले, परंतु रुग्णाला ‘ल्यूकोप्लाकिया’, म्हणजे तोंडातील पांढरा चट्टा, एवढेच सांगितले. रुग्णाने डॉक्टरांपासून लपवले आणि डॉक्टरांनी रुग्णापासून.

६/ त्यानंतर १६ वर्षांत ३० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. जबड्याचा काढलेला भाग भरून काढणारी कृत्रिम कवळी घालणे-काढणे हीच एक शिक्षा होती. सिगार तरीही सुटली नाही. २३ सप्टेंबर १९३९ रोजी लंडनमध्ये फ्रॉइड यांचे निधन झाले. मानवी मनाचा एवढा अभ्यास केलेल्या माणसाला आपल्या सवयीचा धोका कळत नव्हता, असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांच्याभोवती युरोपातील उत्तमोत्तम डॉक्टर होते. त्या डॉक्टरांजवळ मनाई होती, उपाय नव्हता.

७/ याच काळात एका वेगळ्या आजाराने हा प्रश्न आणखी उघडा केला. १८७९ मध्ये व्हिएन्नातील फेलिक्स फॉन विनिवार्टर यांनी पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याच्या एका विकाराचे वर्णन केले होते. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील लिओ बर्गर यांनी कापाव्या लागलेल्या ११ अवयवांचा अभ्यास करून त्याचे सविस्तर वर्णन केले. तेव्हापासून हा ‘बर्गरचा आजार’.

८/ या आजारात हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजून बंद होतात. बोटे काळी पडतात, जखमा भरत नाहीत. रुग्ण बहुधा तरुण आणि तंबाखूचे व्यसन असलेला असतो. भारतात बिडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांत हा आजार डॉक्टरांना नेहमी दिसत आला आहे. तंबाखू पूर्ण बंद केली तर अवयव बहुतेक वेळा वाचतो. चालू ठेवली तर आधी बोट, मग पाऊल, मग पाय अशी पाळी येऊ शकते.

९/ वैद्यकशास्त्रात इतका थेट हिशेब फार थोड्या ठिकाणी आढळतो. तरीही एक पाय गमावलेले रुग्ण धूम्रपान करताना पाहिल्याचे डॉक्टरांनी पिढ्यान्‌पिढ्या नोंदवले आहे. समाजाने त्यांना ‘मनाने दुबळे’ म्हणून निकाली काढले. भीती दाखवली की माणूस सोडतो, ही समजूत सर्वांत भयंकर परिणाम समोर असतानाही टिकत नव्हती. मग कमतरता कशाची होती, हा प्रश्न कोणी तरी विचारणे आवश्यक होते.

१०/ १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. या संशोधनादरम्यान डॉल यांनी स्वतः धूम्रपान सोडले. पुढे ब्रिटनमधील अनेक डॉक्टरांनीही सोडले. ज्ञानाचा परिणाम होतो, हे खरे. परंतु तो सर्वांत आधी झाला तो सुशिक्षित, सुस्थितीतल्या आणि बऱ्याच अंशी निरोगी माणसांवर.

११/ उरलेल्यांसाठी काय करायचे? १९५० च्या दशकाच्या मध्यास स्टॉकहोममध्ये ब्योर्ये एयरूप यांनी धूम्रपान सोडवण्याचे दवाखाने सुरू केले. तेथे लोबेलिन या वनस्पतिजन्य द्रव्याची इंजेक्शने देत. औषध पुढे कुचकामी ठरले. पण त्या दवाखान्यांमुळे एक नवी गोष्ट घडली. सोडू न शकणाऱ्या माणसाला प्रथमच ‘रुग्ण’ म्हणून दार उघडले गेले.

१२/ १९६० च्या सुमारास अमेरिकेत एक डॉक्टर आणि एक धर्मोपदेशक यांनी ‘पाच दिवसांची योजना’ आखली. लोक सलग पाच संध्याकाळी एकत्र जमत, आणि सोडणाऱ्याला जोडीदार मिळे. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने धूम्रपानावरील आपल्या प्रसिद्ध अहवालात, सोडणे जड जाणाऱ्यांसाठी अशा दवाखान्यांची उपयुक्तता तपासावी, अशी सूचना केली. सोबत ही आता धोरणाची बाब होऊ लागली होती.

१३/ दुसरा धागा स्वीडनच्या पाणबुड्यांतून निघाला. १९६७ मध्ये लुंड येथील संशोधक क्लेस लुंडग्रेन यांनी हेलसिंगबोर्गच्या लिओ या औषध कंपनीतील मित्र ओव्हे फेर्नो यांना एक पत्र पाठवले. पाणबुडीत धूम्रपानाला बंदी असल्याने खलाशी चघळण्याच्या तंबाखूवर वेळ निभावून नेतात, असे त्यात म्हटले होते. म्हणजे तलफ धुराची नसून निकोटीनची आहे. फेर्नो स्वतः अट्टल धूम्रपानी होते.

१४/ त्यातून निकोटीनचे च्युइंगम जन्मले. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि १९८४ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील मायकेल रसेल यांनी यामागचा विचार स्पष्ट केला होता : माणूस ओढतो निकोटीनसाठी, पण त्याचा जीव घेते ते धुरातील डांबर. ‘दुबळे मन’ या निदानाच्या जागी ‘अवलंबित्व’ हे निदान आले, आणि त्यावर औषध देता येऊ लागले. फ्रॉइड यांच्या डॉक्टरांजवळ हे नव्हते.

१५/ रसेल यांचेच आणखी एक काम येथे महत्त्वाचे आहे. १९७९ मध्ये त्यांनी लंडनमधील २८ फॅमिली डॉक्टरांकडे येणाऱ्या २,१३८ धूम्रपानींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना काहीच सांगितले नाही, त्यांच्यातील ०.३ टक्के लोक महिन्याभरात सोडून वर्षभर टिकले. ज्यांना डॉक्टरांनी मिनिट-दोन मिनिटे समजावले, पत्रक दिले आणि ‘पुन्हा चौकशी करू’ असे सांगितले, त्यांच्यात हे प्रमाण ५.१ टक्के होते.

१६/ पाच टक्के हा आकडा लहान वाटेल. पण देशातल्या प्रत्येक डॉक्टराने प्रत्येक रुग्णाशी एवढेच बोलायचे ठरवले, तर माणसांची संख्या प्रचंड होते. ‘पुन्हा चौकशी करू’ या शब्दांकडेही लक्ष द्यावे. त्यात दटावणी आहेच, पण आपली कोणी तरी वाट पाहणार आहे असा दिलासाही आहे.

१७/ दीर्घकाळ आजारी असलेल्यांच्या मनात मात्र एक वेगळाच अडथळा असतो : ‘व्हायचे ते नुकसान झाले, आता सोडून काय उपयोग?’ १९७७ मध्ये चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पीटो यांनी लंडनमधील ७९२ कामकरी पुरुषांच्या फुप्फुसांचा आठ वर्षांचा आलेख मांडून याचे उत्तर दिले. गेलेली क्षमता परत येत नाही. परंतु सोडल्यावर पुढच्या घसरणीचा वेग धूम्रपान न करणाऱ्याच्या वेगाजवळ येतो. ज्याच्याजवळ श्वास थोडा उरला आहे, त्याच्यासाठी हा फरक सर्वांत मोठा.

१८/ याच विचारावर १९८६ मध्ये अमेरिका-कॅनडातील दहा केंद्रांत ‘लंग हेल्थ स्टडी’ सुरू झाली. श्वसनमार्ग अरुंद होण्याचा विकार जडू लागलेले ५,८८७ धूम्रपानी त्यात होते. काहींना १० आठवड्यांत १२ गट-बैठका, निकोटीनचे च्युइंगम आणि पाच वर्षे पाठपुरावा मिळाला. इतरांना नेहमीचे उपचार. पाच वर्षे सतत धूम्रपानमुक्त राहिलेले पहिल्या गटात सुमारे २२ टक्के होते, दुसऱ्यात सुमारे ५ टक्के.

१९/ साडेचौदा वर्षांनी पाहिले, तेव्हा आधार मिळालेल्या गटातील मृत्यूंचे प्रमाणही कमी होते. वास्तविक त्या गटातील बहुसंख्यांनी सोडलेच नव्हते. तरी संपूर्ण गटाचा हिशेब बदलला. जे अधूनमधून सोडत आणि पुन्हा सुरू करत राहिले, त्यांच्या फुप्फुसांची घसरणही सतत ओढणाऱ्यांपेक्षा कमी होती. फसलेला प्रयत्न वाया जात नाही, याला आता मोजमापाचा पुरावा मिळाला.

२०/ भारताची कथा याच्या मागून चाललेली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने, फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९७० च्या दशकातच एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांतील गावांत सुमारे ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांवर काम सुरू केले. घरोघर जाऊन तोंड तपासायचे, तोंडातले चट्टे माणसाला समजावून सांगायचे, सोडायला मदत करायची, आणि पुन्हा यायचे.

२१/ १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, अशी मदत मिळालेल्यांत तंबाखू सोडणारे अधिक होते आणि ल्यूकोप्लाकियाचे नवे रुग्ण कमी. हा तोच शब्द, जो १९२३ मध्ये व्हिएन्नात एका रुग्णापासून कर्करोग लपवण्यासाठी वापरला गेला होता. येथे तो झोपडीच्या दारात उभे राहून स्पष्ट सांगितला गेला आणि त्याचा उपयोग झाला.

२२/ २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भारतात १३ तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू झाली. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय त्यांपैकी एक. २००५ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कराराच्या १४ व्या कलमाने, सोडू पाहणाऱ्याला मदत देणे हे सरकारांचे कर्तव्य ठरवले. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये राष्ट्रीय क्विटलाइन सुरू झाली, आणि २०१८ पासून तिचा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरच छापला जाऊ लागला : १८००-११-२३५६. फोन विनाशुल्क आहे.

२३/ १८९४ ते २०१८ या काळात तंबाखूचा धोका अधिकाधिक स्पष्ट होत गेला, पण आजारी माणसाच्या दृष्टीने खरा बदल मदतीत झाला. आधी मनाई होती. मग दवाखाना आला, जोडीदार आला, औषध आले, ‘पुन्हा चौकशी करू’ म्हणणारा डॉक्टर आला, शेवटी घरबसल्या लावता येणारा फोन आला. घरातल्या दमेकरी आजोबांना किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या काकांना ‘एवढे होऊनही सुटत नाही?’ असे विचारताना हा क्रम आठवावा. ‘सोडा’ हे त्यांनी शंभरदा ऐकलेले असते. ‘उद्या दवाखान्यात सोबत येतो’ हे बहुधा कोणी म्हटलेले नसते.

(थ्रेड समाप्त)