गादीवाफा आणि विकतची माती

अमेरिकेत माती पोत्याने विकत मिळते असं फोनवर सांगितलं, की पलीकडून हमखास हसू ऐकू येतं. त्यातून आमचं रेडमंड हिरवंगार, पाऊस भरपूर. मग माती विकत कशाला? तर मंडळी, त्याचं उत्तर पार हिमयुगात सापडतं.

सुमारे १७ हजार वर्षांपूर्वी हा भाग बर्फाखाली होता. शेजारच्या सिएटलवर बर्फाची जाडी ९०० मीटरच्या आसपास! त्या वजनाखाली वाळू, गोटे आणि चिकणमाती दाबली जाऊन सिमेंटसारखा घट्ट थर तयार झाला. पुढे जंगलाने त्यावर थोडी माती चढवली, पण घरं बांधताना बरेचदा तीही खरवडली जाते. हिवाळ्यात पाणी मुरत नाही आणि उन्हाळ्यात पाऊस फिरकत नाही.

म्हणून इथे उंच वाफे करतात. आपल्याकडे कांद्या-मिरचीचं रोप गादीवाफ्यावर टाकतात, तेच हे तत्त्व : पाण्याचा निचरा होतो, मुळांना हवा मिळते. फरक इतकाच, की इथे चहूबाजूंनी सीडरच्या फळ्या ठोकतात, कारण हे लाकूड लवकर कुजत नाही. जुनं, रसायन मुरवलेलं लाकूड मात्र टाळावं. २००३ अखेरपर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिक असायचं.

हा प्रकार घरोघरी नेणाऱ्यांपैकी एक आमच्याच जातकुळीतले, मेल बार्थोलोम्यू नावाचे निवृत्त सिव्हिल इंजिनियर. त्यांचं पुस्तक १९८१ साली आलं. शेतात दोन ओळींमध्ये जागा सोडतात, पण परसात ती कशाला, असा त्यांचा साधा प्रश्न. उत्तर : ४ फूट बाय ४ फुटांचा वाफा, त्यात १६ चौकोन. पुढे त्यांनी जागेवरच्या मातीचा नादच सोडला आणि कंपोस्ट, पीट व वर्मिक्युलाइट समप्रमाणात घ्यायला सांगितलं. पण पीट दलदलीत हजारो वर्षं साचतं आणि वर्मिक्युलाइट खाणीतून येतं. म्हणजे दोन्ही विकतच!

आपल्या कोल्हापुरात गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर दुसऱ्या वाटेने गेले. शेतकऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. पालापाचोळा आणि घरचा ओला कचरा कुजवून, अगदी गच्चीवरसुद्धा, माती स्वतःच तयार करायची हा त्यांचा मार्ग. सूर्यप्रकाश तर फुकटच आहे.

आता हिशोब बघा. ४ बाय ८ फुटांचा, १ फूट उंच वाफा म्हणजे ३२ घनफूट. दीड घनफुटाची पोती आणली तर २२ लागतात. मी तळाचा अर्धा भाग कुजकी लाकडं आणि वाळक्या पानांनी भरतो, वर माती आणि कंपोस्ट. भर दरवर्षी खाली बसते, तेवढी पुन्हा घालायची. ताजं लाकूड मात्र वरच्या मातीत मिसळू नये, ते कुजताना नत्र ओढून घेतं.

बर्फाने घट्ट करून ठेवलेल्या जमिनीवर आम्ही डॉलर मोजून माती आणतो, याला जरूर हसा. पण ऊस तोडल्यावर आपल्याकडे अजूनही कित्येक शेतांत पाचट पेटवून देतात. ती राख नव्हे मंडळी, उद्याची माती जळत असते.