तुळजापुरात कुणाकडे उतरायचं?

सोलापूर, लातूर, बीडकडच्या जुन्या घरांत तुळजापूरला जायचं ठरलं की पहिला प्रश्न असायचा, "आपले पुजारी कोण?" हॉटेल कोणतं, खोलीचं भाडं किती, हे प्रश्न नंतरचे. माणूस तुळजापुरात 'राहत' नसे, कुणाकडे तरी 'उतरत' असे. आणि ते कुणाकडे उतरायचं, हे त्याच्या आजोबा-पणजोबांच्या काळातच ठरलेलं असे.

आज नवरात्राच्या आधी फोन उघडला तर तीन वाटा दिसतात. अ‍ॅपवर लॉजचे फोटो, तारे आणि खोडलेला जुना दर. मंदिर संस्थानचं भक्तनिवास. आणि आईच्या फोनमध्ये 'तुळजापूर पुजारी' नावाने साठवलेला एक नंबर. थेट बुकिंग स्वस्त की अ‍ॅपवरून, हा वाद आपण नव्या काळाचा समजतो. धाराशिव जिल्ह्यात त्याचा इतिहास आपल्याला वाटतो त्याहून बराच जुना आहे.

तुळजापूर बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलंय. सोलापूरपासून साधारण 45 किलोमीटर. मोटारी नव्हत्या तेव्हा बैलगाडीने किंवा पायी येणाऱ्याला मुक्काम चुकत नसे. चैत्री आणि आश्विनी पौर्णिमेला, दोन्ही नवरात्रांत महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून माणसं येत. कुलदैवत म्हणजे सहलीचं ठिकाण नव्हे. लग्न झालं की जायचं, मूल झालं की जायचं, बोललेला नवस फेडायला जायचं. म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं आणि पिढ्यान् पिढ्या परत येणारं. अशा गावात धंद्याचं गणित एकदा आलेल्याला लुबाडण्यावर चालत नाही, त्याच्या नातवाने परत यावं यावर चालतं.

म्हणून पुजाऱ्याचं घर. भोपे, पाळीकर, उपाध्ये अशी इथल्या सेवेकऱ्यांची घराणी, आणि त्यांच्याशी बांधलेली यजमानांची कुळं आणि गावं. यजमान आला की माडीवर किंवा ओसरीवर जागा, अंघोळीला पाणी, स्वयंपाकाला चूल. कल्लोळ तीर्थावर कधी जायचं, अभिषेकाला कधी उभं राहायचं, पुरणपोळीचा नैवेद्य कोण करणार, गोंधळ घालायचा तर गोंधळी कोण, हे सगळं त्या घराकडे. आजच्या भाषेत पॅकेज म्हणता येईल, फक्त त्यावर किंमत छापलेली नसे. शिधा, दक्षिणा, खण-नारळ, सुगीनंतर पोचवलेलं धान्य, असं ते फिटत राही. यजमानही दरवर्षी येई असं नाही, पुजारी मधून गावोगाव फिरून यजमानांच्या घरी जात. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये वह्यांतून कुळांच्या वंशावळी जपतात. त्या वहीत तुमच्या पणजोबांचं नाव निघालं की तुम्ही कुणाचे यजमान, यावर वाद उरत नाही. तुळजापुरातही नातं घराण्याचं घराण्याशी असे.

या व्यवस्थेतली मला सर्वात आवडणारी गोष्ट रद्द करण्याची आहे. निघायच्या आदल्या दिवशी घरात सुतक आलं तर यात्रा रद्द. पुजाऱ्याला कळवलं न कळवलं, तो कारण विचारत नसे आणि पैसेही अडकलेले नसत, कारण आगाऊ काही घेतलेलंच नसे. 'फ्री कॅन्सलेशन' या शब्दांसाठी आज अ‍ॅपवर दोनशे रुपये जास्त मोजावे लागतात.

खुद्द देवीच्या बाबतीतही मुक्काम असाच ठरलेला. दसऱ्यानंतर देवी ज्या पलंगावर निद्रा घेते तो पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात तयार होतो आणि जुन्नर, नगर अशी मजल दरमजल करत तुळजापुरात येतो. सीमोल्लंघनाची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची. वाटेतली मुक्कामाची गावं ठरलेली, मानकरी ठरलेले. कुणाला विचारावं लागत नाही की यंदा जागा आहे का.

हे सगळं वाचायला गोड वाटतं. पण माडीवर जागा कुणाला मिळे आणि कुणाला वेशीबाहेरच्या झाडाखाली बिऱ्हाड टाकावं लागे, हे जातीवर ठरत होतं. 'आपले पुजारी कोण' या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर होतं त्यांच्यासाठी ही सोय होती. आडनाव हाच पासवर्ड होता. याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी महार-मांग परिषद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले, बैलगाड्यांतून त्यांची मिरवणूक निघाली आणि मुक्काम झाला तो गावातल्या शाळेत. ती शाळा आजही त्या मुक्कामासाठीच ओळखली जाते. पाहुणचाराच्या इतिहासात तुळजापूरच्या माड्यांच्या शेजारी तडवळ्याची ती शाळाही मांडायला हवी, नाहीतर चित्र अर्धं राहतं.

दुसरी अडचण पैशाची. दर छापलेला नाही, याचा अर्थ दर नाही असा होत नाही. दक्षिणा किती द्यायची हे पुजाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. कमी दिली तर पुढच्या वर्षी माडीऐवजी ओसरी. आणि यजमानाला दुसरीकडे जायची सोय जवळजवळ नव्हतीच, कारण दुसऱ्याचा यजमान सहसा कुणी घेत नसे. यजमान ही पुजाऱ्याची मिळकतच मानली जाई. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मंदिरातले हक्क आणि कामकाज बांधून देणारे नियम निजाम सरकारने 1909 साली केले, 'देऊळ कवायत' या नावाने. शिस्त मोडणाऱ्या पुजाऱ्याला मंदिरात येण्यास बंदी घालायची झाली तर मंदिर प्रशासन आजही त्याच नियमांतली कलमं पुढे करतं. शंभर वर्षांहून जुनं हे कागदपत्र अजून कामाला येतं, यावरूनच भाविक आणि देवी यांच्या मधल्या जागेची किंमत कळावी.

मग वाहनं आली आणि मुक्कामाची गरजच बदलली. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1897 मध्ये कुर्डूवाडीहून बार्शीला पोचली, 1911 पर्यंत लातूरला गेली. ती येडशी, तडवळ्यावरून गेली पण तुळजापूर तिच्या वाटेवर नव्हतं. सोलापूर किंवा बार्शीला उतरून पुढे गाडीवाटेनेच जायचं. खरा बदल एसटीने केला. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचं राज्य संपलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि पुढे एसटीच्या गाड्या वाढत गेल्या तसं सकाळी निघून दर्शन घेऊन रात्री घरी परतणं शक्य झालं. मुक्काम हा नाइलाज होता, तो आता निवडीचा विषय झाला. ज्यांचा पुजारी ठरलेला नाही, किंवा ज्यांना कुणाचं मिंधं व्हायचं नाही, अशांसाठी स्टँडच्या आसपास 'लॉजिंग-बोर्डिंग'च्या पाट्या लागल्या.

पाट्यांबरोबर दलालही आला. कुठल्याही तीर्थाच्या गावी स्टँडवर बॅग खाली ठेवायच्या आत "खोली पाहिजे का, गरम पाणी आहे, मंदिराजवळ आहे" म्हणत जो माणूस पुढे येतो तो आपल्या ओळखीचा आहे. रिक्षावाला म्हणा, पोरगा म्हणा. त्याला लॉजवाला प्रत्येक गिऱ्हाइकामागे काही देतो आणि ते तुमच्या भाड्यातूनच जातं. तुम्ही स्वतः काउंटरवर गेलात तर घासाघीस करून ते वाचतं. आज ज्याला आपण प्लॅटफॉर्मचं कमिशन म्हणतो त्याचं हे चपलांतलं रूप. त्या पोराचं एक बरं होतं. तो सगळ्या गावाचं गिऱ्हाईक अडवून धरू शकत नव्हता.

अ‍ॅमस्टरडॅमची बुकिंग डॉट कॉम 1996 ची. आपल्याकडे मेकमायट्रिप 2000 साली निघाली ती आधी अमेरिकेतल्या भारतीयांना घरी यायची विमानाची तिकिटं विकण्यासाठी. ओयो 2013 ची, आणि लहान गावातल्या लॉजच्या दारावर लाल पाटी लावण्याचं काम तिनेच केलं. हिशेब साधा आहे. समजा खोली 1,200 रुपयांची आणि कमिशन 20 टक्के, तर लॉजवाल्याच्या हाती 960. त्यातून चादरी, वीज, पाण्याचा टँकर. उन्हाळ्यातल्या मराठवाड्यात टँकर ही किरकोळ बाब नाही. मग लॉजवाला म्हणतो, थेट आलात तर 1,050 घ्या. दोघांचाही फायदा. इथेच कंपन्यांची अट आडवी येते. आमच्या अ‍ॅपवरच्या दरापेक्षा कमी दर दुसरीकडे दाखवायचा नाही, काही करारांत तर स्वतःच्या वेबसाइटवरही नाही. दरसमानतेची अट असं तिचं सोज्वळ नाव. फ्रान्सने 2015 मध्ये कायदा करून ती रद्दबातल ठरवली. भारतात हॉटेलवाल्यांच्या महासंघाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये मेकमायट्रिप-गोआयबीबोला 223.48 कोटी आणि ओयोला 168.88 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ओयोशी झालेल्या करारापोटी तिच्या प्रतिस्पर्धी साखळ्यांना मेकमायट्रिपने यादीतून वगळलं, हाही त्यातला एक मुद्दा होता. कंपन्यांनी अपिलाची वाट धरली. 'दुसऱ्याचा यजमान घ्यायचा नाही' हा जुना संकेत इथे नव्या कपड्यांत परत आलेला दिसतो, फरक इतकाच की आता यजमान कुणा एका कंपनीचा झाला आणि पुजारी भाडेकरू.

करातही गंमत आहे. वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लॉजला जीएसटीची नोंदणी लागत नाही, म्हणजे थेट गेलात तर बिलात कर नाही. तीच खोली अ‍ॅपवरून घेतलीत तर कर भरायची जबाबदारी अ‍ॅपवर येते आणि तो तुमच्या बिलात दिसतो. "अ‍ॅपवर महाग का?" याचं निम्मं उत्तर अनेकदा इथेच असतं.

एवढं असूनही अ‍ॅपला शिव्या देऊन मोकळं होणं मला जमत नाही. अ‍ॅप आडनाव बघून दर सांगत नाही. एकटी मुलगी, आंतरजातीय जोडपं, देवीवर श्रद्धा नसलेला पण नळदुर्गचा किल्ला किंवा तेरचं संग्रहालय बघायला आलेला माणूस, यांना 'तुमचं गाव कोणतं, कुळ कोणतं' न सांगता दार उघडणारी ती पहिली व्यवस्था. अर्थात पूर्ण नाही. काउंटरवर आधार कार्ड बघून "लोकल आयडी चालत नाही" म्हणणारे लॉज आहेतच, आणि जानेवारी 2025 मध्ये ओयोनेच मेरठमध्ये नात्याचा पुरावा मागायची मुभा हॉटेलांना दिली. तरी ज्यांच्या आजोबांना ओसरी मिळत नव्हती त्यांच्या नातवाने फोनवर खोली ठरवावी, किल्ली घ्यावी आणि कुणाचं उपकृत होऊ नये, यात काहीतरी मिळालेलं आहे. कमिशन त्याचं मोल म्हणून जास्त असेल, पण ते शून्यासाठी दिलेलं नाही.

मग थेटच्या बाजूने काय उरतं? गर्दीचे दिवस. घटस्थापना ते दसरा या काळात अ‍ॅपवर खोल्या दिसेनाशा होतात. त्या भरलेल्याच असतात असं नाही. ज्या दिवशी दारात रांग आहे त्या दिवशी कमिशन देऊन गिऱ्हाईक कोण आणेल? लॉजवाला सरळ खोल्या बंद दाखवतो. अशा वेळी आईच्या फोनमधला तो नंबर कामाला येतो. पुजाऱ्याचा मुलगा आता व्हॉट्सअ‍ॅपवर खोलीचे फोटो पाठवतो, क्यूआर कोड पाठवतो, आणि माडीच्या जागी संडास-बाथरूमसह खोल्यांची तीन मजली इमारत उभी असते. दरही आता तोंडी का होईना ठरलेला असतो. तो पुजारी आहे की लॉजमालक, हे विचारायला गेलात तर तुमच्याच बोलण्यावर अवलंबून आहे. अभिषेकाचं विचारलंत तर पुजारी.

मात्र 'थेट' या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवायचे दिवस गेले. एप्रिल 2025 मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना इशारा दिला होता. धर्मस्थळांच्या नावाने खोट्या वेबसाइट, खोटी फेसबुक पानं, व्हॉट्सअ‍ॅप खाती उघडून खोल्या आणि यात्रेची बुकिंगं घेतली जातात, पैसे भरले की नंबर बंद. शोधात सर्वात वर आलेला नंबर भक्तनिवासाचाच असेल असं नाही. अ‍ॅपवरची खोली खराब निघाली तर निदान तक्रार करायला कुणीतरी असतं. अनोळखी 'थेट' नंबरवर पाठवलेल्या अर्ध्या आगाऊ रकमेला कुणीच वाली नाही. जुन्या यजमानाला हा धोका नव्हता, कारण त्याचं 'थेट' म्हणजे नंबर नव्हता, ओळख होती. त्यामुळे नंबर संस्थानच्या अधिकृत पानावरून घ्या, लॉजचा नंबर आधी तिथे जाऊन आलेल्याला विचारा, आणि अ‍ॅपवर खोली आवडली तरी एक फोन करून दर विचारायला लाजू नका. लॉजवाला लाजत नाही.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम चालू आहे. बार्शी लाइटने जे गाव बाजूला ठेवलं होतं तिथे गाडी थांबेल. कोजागिरीला सोलापूरहून रात्रभर पायी येणारे तेव्हाही पायीच येतील, त्यांना खोली नकोच असते. बाकीचे फलाटावर उतरतील, बॅग खाली ठेवतील आणि फोन काढतील. त्यांच्यापुढे उभं राहून "खोली पाहिजे का" असं विचारणारा तो माणूस त्या दिवशीही असेल, बहुतेक गळ्यात क्यूआर कोडचं कार्ड अडकवून.