शब्दांवरून कालनिर्णय

इ.स. ४०८ मध्ये गॉथ टोळ्यांचा राजा अलारिक याने रोमला वेढा घातला. वेढा उठवण्यासाठी त्याने मागितलेल्या खंडणीत सोन्याचांदीबरोबर ३००० पौंड मिरीही होती.

मिरीला लॅटिनमध्ये ‘पिपेर’ म्हणत. हा शब्द रोमनांनी ग्रीकांकडून घेतला आणि ग्रीकांकडे तो भारतातून गेला. संस्कृतमधली ‘पिप्पली’ म्हणजे आपली पिंपळी. (पिंपळी म्हणजे मिरी नव्हे, पण नाव तिचे चिकटले ते मिरीला.) लॅटिनमधून तो इंग्रजीत ‘पेपर’ झाला, तर जर्मनमध्ये ‘प्फेफर’. हा फरक का पडला?

साधारण इ.स. ५०० ते ७०० च्या सुमारास आजच्या दक्षिण जर्मनीतल्या बोलींमध्ये प, त, क यांचे उच्चार बदलले. शब्दारंभीचा ‘प’ झाला ‘प्फ’ आणि ‘त’ झाला ‘त्स’. ज्या शब्दात हा बदल दिसतो, तो त्याआधीच भाषेत रुळलेला असला पाहिजे. खडकात अडकलेल्या जीवाश्मासारखाच हा पुरावा आहे. लिखित नोंद नसली तरी चालते. इंग्रजांचे पूर्वज या बदलाच्या टापूबाहेर राहिले.

‘तेगुला’ म्हणजे कौल. इंग्रजीत त्याचे ‘टाइल’ झाले, जर्मनमध्ये ‘त्सीगेल’. भिंतीची गोष्ट अधिक बोलकी आहे. जर्मनमध्ये भिंतीला जुना शब्द आहे ‘वांट’. त्याचे मूळ ‘विणणे, वळणे’ या अर्थाच्या धातूत आहे, कारण त्यांच्या भिंती फांद्या विणून वर माती लिंपलेल्या असत, आपल्याकडच्या कुडासारख्या. दगडी भिंत रोमनांकडे पाहिली, तेव्हा तिच्यासाठी ‘मूरुस’वरून ‘माउअर’ हा शब्द आला.

दुसरे घड्याळ खुद्द लॅटिनमध्ये आहे. जुन्या लॅटिनमध्ये ‘सी’ या अक्षराचा उच्चार नेहमी ‘क’ असे. म्हणून ‘केल्लारिउम’चे ‘केलर’ (तळघर) झाले. पुढे ‘ए’ आणि ‘इ’ या स्वरांपूर्वी त्या ‘क’चा ‘त्स’ झाला. त्यानंतर मठांबरोबर त्याच कुळातला ‘केल्ला’ पुन्हा आला, तो ‘त्सेले’ म्हणून, म्हणजे भिक्षूची खोली.

इथे आम्हीही प्रथम फसलो होतो. ‘त्सीगेल’ आणि ‘त्सेले’ यांतला ‘त्स’ सारखाच दिसतो; पण पहिला जर्मनांच्या तोंडी घडला, दुसरा लॅटिनमधूनच तयार होऊन आला.