सेलेरॉन ३००ए आणि मेमरीचा प्रश्न

संगणकाचा वेगवान भाग महाग घ्यावा, कीं स्वस्त भाग घेऊन त्याला नेमून दिलेल्या वेगापेक्षां जोरानें पळवावें, हा वाद जुनाच. पण त्याला खरी धार आली ती १९९८ सालीं. त्या वर्षीं २४ ऑगस्ट रोजीं इंटेल कंपनीनें बाजारांत आणलेल्या प्रोसेसरांपैकीं दोन पाहूं. एक पेंटियम टू, वेग ४५० मेगाहर्ट्झ, ठोक भाव ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, भाव १४९ डॉलर. सेलेरॉन म्हणजे घराण्यांतला गरीब नातलग. एप्रिलांत आलेल्या त्याच्या थोरल्या भावाला दुय्यम कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशीं असणारी जलद स्मृति, मुळींच नव्हती व त्याची पुष्कळ थट्टा झाली होती. धाकट्याला ती १२८ किलोबाइट मिळाली. पेंटियमची चौपट होती खरी, पण ती निम्म्या वेगानें चाले. सेलेरॉनची पूर्ण वेगानें.

प्रोसेसरचा वेग हा एक गुणाकार असतो. प्रोसेसरला बाकीच्या यंत्राशीं जोडणारा मार्ग, म्हणजे बस, तिचा वेग गुणिलें एक अंक. सेलेरॉनचा अंक साडेचार; तो कारखान्यांतच कुलूपबंद केलेला. ६६ च्या बसवर त्याचे ३०० होत. बस १०० वर नेली तर? साडेचारशें! ओव्हरक्लॉकिंगच्या शौकिनांनीं हें ताबडतोब हेरलें, आणि पुष्कळ नग हा ताण खरोखरच सोशीत. ५२० डॉलरांचा फरक कोणाच्याहि तोंडाला पाणी सुटावें असाच होता.

परंतु या हिशेबांत एक रकम सुटत होती. त्या काळच्या ४४०बीएक्स जातीच्या मदरबोर्डांत मेमरी बसच्याच वेगानें चाले. म्हणजे तिलाहि १०० वर पळणें भाग. मग हाताशीं असलेली ६६ ची मेमरी ताणावी, कीं पदरचे पैसे घालून पीसी१०० प्रतीची नवी घ्यावी? १०० मेगाहर्ट्झला एका ठोक्यास १० नॅनोसेकंद मिळतात. जुन्या पुष्कळ चिप्सवर ‘१०’ हा आंकडा छापलेला असे. तो पाहून लोकांना वाटे, काम भागलें! पण संकेत पोंचण्यास व स्थिर होण्यासहि त्याच ठोक्यांतला वेळ लागतो. म्हणून पीसी१०० च्या पट्टींत बहुधा ८ नॅनोसेकंदांच्या चिप्स असत.

कांहींनीं ८३ चा मधला मार्ग धरला. तेथें निराळीच अडचण. १०० ला तिनानें भागून पीसीआय मार्गाला त्याचे ठरलेले ३३ मिळत. ८३ ला दोनानें भागलें जाई, व त्या मार्गावर ४१ हून अधिक पडत. हार्ड डिस्कवरील मजकूर बिघडण्याचा धोका त्यांतूनच उद्भवे.

ताणलेला प्रोसेसर फसला, कीं बहुधा यंत्रच बंद पडे आणि धन्याला कळे. मेमरीचें तसें नाहीं. घरगुती पट्ट्यांत चूक ओळखण्याची सोय सहसा नसे. एखादा बिट उलटे, हिशेबांतला आंकडा बदले, आणि तोच खोटा आंकडा निमूटपणें डिस्कवर उतरे. महिन्यानें कळून काय उपयोग? प्रोसेसर ताणावा, मेमरी मात्र योग्य वेगाची विकत घ्यावी, आणि मेमटेस्ट८६ सारखा तपासणीचा प्रोग्रॅम रात्रभर चालवून मगच कामास लागावें, ही रीत ज्यांनीं पाळली तेच शहाणे म्हणावयाचे.

पुढें इंटेलनें स्वतःच सेलेरॉनला १०० ची बस दिली. पण ती ८०० मेगाहर्ट्झच्या नगापासून, जानेवारी २००१ मध्यें. तोंवर शौकिनांनीं ती सव्वादोन वर्षांहून अधिक काळ वापरली होती.