इंजिनीअर, हिशेब आणि शेगाव

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं खाजगी विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी शेगावला संत गजानन महाराजांच्या नावाचं कॉलेज सुरू झालं. आज यात कुणाला नवल वाटणार नाही. पण त्याआधी बुलढाणा जिल्ह्यातल्या पोराला इंजिनीअर व्हायचं तर अमरावती गाठा, नागपूर गाठा, नाहीतर थेट पुणं-मुंबई. (बुलढाणा शहराला रेल्वे अजूनही नाही, तो एक वेगळाच विषय आहे.)

आता प्रश्न एक पायरी वर सरकलाय. इंजिनीअरिंग झालं, नोकरी लागली, पुढे ‘मास्टर्स इन इंजिनीअरिंग मॅनेजमेंट’ करावं का? त्यानं माणूस साहेब होतो का? आमच्या नात्यात हा प्रश्न दोनदा आला आणि दोन्ही वेळा सोबत एज्युकेशन लोनचा आकडा होता. म्हणून जरा मागे जाऊन पाहिलं.

गोष्ट सुरू होते १८८६ मध्ये. हेन्री टाउन हा कुलपं बनवणारा अमेरिकन कारखानदार. त्यानं तिथल्या मेकॅनिकल इंजिनीअरांच्या संघटनेपुढे एक निबंध वाचला. म्हणणं साधंच होतं: यंत्र कळणारा माणूस मिळतो, हिशेब कळणाराही मिळतो, पण कारखाना चालवायला दोन्ही एकाच डोक्यात लागतं. १९१४ मध्ये एमआयटीनं ‘इंजिनीअरिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ हा अभ्यासक्रम काढला. आजच्या तिथल्या स्लोन स्कूलचं मूळ तेच. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते १९३१ साल. त्या वर्षी एमआयटीनं खास नोकरीत मुरलेल्या लोकांसाठी वेगळा अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे १९६३ मध्ये मुंबईत विहार तलावाजवळ ‘नीटी’ निघाली (२०२३ पासून तिचं नाव आयआयएम मुंबई). तिनंही उद्योगांत आधीच काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणावर भर दिला. म्हणजे आधी हात काळे, मग वर्ग.

मराठी माणसाला इथे किर्लोस्कर आठवणारच. लक्ष्मणरावांकडे इंजिनीअरिंगची पदवी नव्हती. त्यांनी व्हीजेटीआयमध्ये शिकवलं आणि १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. मुलाला, शंतनुरावांना, मात्र एमआयटीला पाठवलं. ते १९२६ मध्ये मेकॅनिकलची पदवी घेऊन परतले. गंमत म्हणजे व्यवस्थापनाचा तो अभ्यासक्रम त्याच संस्थेत होता, पण त्यांनी घेतलं मेकॅनिकलच. व्यवस्थापन शिकायला वाडी होती ना!

आणि खरी मेख इथेच आहे. ज्याच्या बापाचा कारखाना नाही, त्यानं कुठे शिकायचं?

इथे आपले लोक हटकून शिवशंकरभाऊ पाटलांचं नाव काढतात. भाऊंकडे व्यवस्थापनाची पदवी नव्हती. तरी शेगाव संस्थान त्यांनी असं चालवलं की व्यवस्थापनाचे विद्यार्थी ते बघायला येतात. हजारो सेवेकरी पाळीपाळीनं येतात, पगार नाही, तरी कुणी कुणावर ओरडताना दिसत नाही. रांग, महाप्रसाद, चपला ठेवायची जागा, कुठेही जा, स्वच्छता तीच. याच मंडळींनी खारपाणपट्ट्यातल्या या गावात इंजिनीअरिंग कॉलेज उभं केलं आणि त्यात एमबीएचा विभागही आहे! २०२१ मध्ये भाऊ गेले, तेव्हा घराघरात हळहळ होती.

‘बघा, पदवी लागते कुठे?’ हे यावरचं ठरलेलं वाक्य. मला ते पटत नाही. भाऊंना एकाच गावात, एकाच कामात सारं आयुष्य घालता आलं. प्रत्येक सेवेकऱ्याला ठाऊक होतं की हा माणूस स्वतःसाठी काही घेत नाही. चाकणच्या कंपनीत दर दोन-तीन वर्षांनी साहेब बदलतो. तिथे संग्रामपूरच्या शेतकऱ्याच्या पोरीला कोण ओळखतं? तिच्यासाठी पदवी हीच शिफारस. कॉस्टिंग, करार, माल वेळेवर पोचवणं, माणसं सांभाळणं, हे सगळं ती वर्ष-दीड वर्षात एका जागी शिकते. एरवी त्याला दहा वर्षं गेली असती, आणि ती संधी साहेबाच्या मर्जीवर राहिली असती ती वेगळीच.

फक्त ती घ्यायची कधी, हा मुद्दा उरतो. आता हे अभ्यासक्रम नुकत्याच पास झालेल्यांनाही घेतात. पण ज्यानं बंद पडलेली लाइन पाहिली नाही, रात्रपाळीत कामगाराची समजूत काढली नाही, त्याला वर्गातलं अडकवायला खुंटीच नसते. परत आल्यावर मिळते तीच ज्युनिअरची जागा, वर हप्ता. तीन-चार वर्षं काम करावं, कंपनीत कॉस्टिंगचं काम मागून घ्यावं, मग जावं. माझं मत एवढंच.

नात्यातल्या दोघांना हे सांगितलं. एकीला पटलं, ती सध्या अकाउंट्सवाल्यांच्या शेजारी टेबल मागतेय. दुसऱ्यानं लोनचे कागद दिलेत.