७. टेफ्लॉनची वाटी

खुब्याच्या कृत्रिम सांध्यात मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्यावरचा धातूचा गोळा कमरेच्या हाडातील ज्या खोलगट भागात फिरतो, त्याला येथे ‘वाटी’ म्हटले आहे. इंग्लंडमधील लँकेशर परगण्यातल्या रायटिंग्टन रुग्णालयातील शल्यविशारद जॉन चार्न्ली (१९११–१९८२) यांनी १९५८च्या सुमारास ही वाटी टेफ्लॉनची, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यांना ज्याचा लेप देतात त्या निसरड्या प्लॅस्टिकची, बसवण्यास आरंभ केला. रुग्ण वेदनेविना चालू लागले. परंतु घर्षण कमी म्हणजे झीजही कमी असे नसते, आणि काही वर्षांतच गोळा वाटीत रुतत चालल्याचे क्ष-किरण चित्रांत दिसू लागले. झिजून सुटलेली भुकटी त्याहून घातक ठरली, कारण शरीरातील भक्षक पेशी तिचे कण गिळतात पण पचवू शकत नाहीत, त्यामुळे दाह होऊन सभोवतालचे हाड झडते आणि सांध्याची पकड सुटते. मूळ मजकुरातील ‘सैल पडला’ हे शब्द याच अर्थाने घ्यावेत. शस्त्रक्रियेतील हयगय त्यांत अभिप्रेत नाही. चार्न्ली यांनी टेफ्लॉनची बारीक भुकटी स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन तिचा परिणाम तपासला, हे त्यांच्या सचोटीची साक्ष म्हणून नोंदवणे अगत्याचे आहे. नोव्हेंबर १९६२पासून त्यांनी अधिक चिवट अशा पॉलिथिलीनच्या वाट्या वापरल्या. त्यांची झीज कितीतरी पटींनी कमी असली, तरी ती पूर्णपणे थांबलेली नाही.